‘चार्ज’ला मराठीत काय म्हणायचं? आधी कागद कुठला ते सांगा

तुमचा प्रश्न थोडक्यात मांडते, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. विट्यात राहून तुम्ही इंग्रजी कागदपत्रांच्या भाषांतराची कामं नव्याने घ्यायला लागलात. एका कर्जाच्या करारनाम्यात ‘द चार्ज शॅल स्टँड डिस्चार्ज्ड ऑन पेमेंट ऑफ ऑल चार्जेस’ असं वाक्य आलं आणि तिथे गाडी अडली. शब्दकोश उघडला तर ‘चार्ज’पुढे आरोप, भार, शुल्क, ताबा, हल्ला, जबाबदारी अशी रांगच. इंग्रजी समानार्थी शब्दांच्या याद्या पाठ केल्या, तरी कोणता शब्द कधी घ्यायचा ते उमगेना. शेवटी विचारलंय की, ‘चार्ज’ तसाच ठेवला तर चालेल का.

साताऱ्यात कोर्टाच्या आसपास हेच काम करण्यात माझी बरीच वर्षं गेली. खरेदीखतं, निकालपत्रं, फौजी पेन्शनचे कागद, दवाखान्याची कार्डं, कारखान्यांची मॅन्युअल्स, सगळं हातून जातं आणि सगळ्यांत हा ‘चार्ज’ भेटतो. माझ्या मते तुमची अडचण अर्थ जास्त आहेत ही नाहीच. तुम्ही नाम तेवढं सुटं उचलता आणि त्याला मराठी नाम शोधता, तिथे घोळ होतो. इंग्रजीत त्याच्या मागेपुढे ऑन, विथ, फॉर, ऑफ असं काहीतरी चिकटलेलं असतं आणि मराठीत त्याचं क्रियापद ठरलेलं असतं. बोजा चढतो आणि उतरतो. आरोप ठेवतात. पदभार स्वीकारतात. आकार लावतात. रक्कम नावे टाकतात. क्रियापद आधी सुचलं की नाम त्याच्या मागून येतं. उलटं गेलात तर ‘मिळकतीवर आरोप ठेवण्यात आला’ असलं काहीतरी कागदावर उतरतं, आणि असले कागद मी खरोखर पाहिलेत.

शब्दाचं मूळ एकदा बघून घ्या, पुढे उपयोग होतो. लॅटिनमध्ये ‘कार्रुस’ म्हणजे गाडी. त्यावरून ‘कार्रिकारे’ म्हणजे गाडीत माल लादणे. ते फ्रेंचमधून इंग्रजीत आलं आणि ‘चार्ज’ झालं. जहाजावरचा ‘कार्गो’ त्याच कुळातला. म्हणजे मुळात कल्पना एकच, कशावर तरी काहीतरी लादणं किंवा कशात तरी काहीतरी भरणं. जमिनीवर कर्ज, माणसावर गुन्हा, अधिकाऱ्यावर काम, गिऱ्हाइकावर पैसे, बॅटरीत वीज, सुरुंगात दारू. आपल्या परिभाषेनेही हीच वाट धरलेली दिसते. पदभार, कार्यभार, अधिभार, विज्ञानाच्या पुस्तकातला विद्युत प्रभार, सगळीकडे भार आहेच. राज्यघटनेच्या अनुच्छेद ११२ मध्ये राष्ट्रपतींचं वेतन, सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांचे पगार हे खर्च संचित निधीवर ‘भारित’ असतात, त्यांवर संसदेत मतदान घेत नाहीत. तिथलाही मूळ इंग्रजी शब्द ‘चार्ज्ड’च आहे.

मूळ कळलं म्हणून भाषांतर होत नाही. पण वाक्याला विचारायचे प्रश्न मिळतात. कोणी, कोणावर, काय लादलं? आणि ते उतरवायचं कोणी? मी प्रत्येक ‘चार्ज’ला हे विचारते. उत्तर कागदातच असतं, शब्दकोशात नसतं.

आता तुमचा करारनामा. कर्जाच्या कागदात ‘चार्ज ऑन’ आलं आणि पुढे जमीन, घर, प्लॉट असेल तर तो बोजा. आपल्याकडे हा शब्द शिकवायला लागत नाही. सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ रकान्यात विकास सोसायटीचा किंवा बँकेचा बोजा कुठल्याही शेतकऱ्याला ठाऊक असतो. मात्र त्याचं ‘गहाण’ करू नका, ही चूक फार होते. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण अधिनियमात दोन्ही वेगळे सांगितलेत. कलम ५८ मधल्या गहाणात स्थावर मिळकतीतला हितसंबंधच दुसऱ्याकडे जातो. कलम १०० मधल्या बोजात मिळकत फक्त पैशाच्या फेडीसाठी जामीन राहते आणि व्यवहार गहाणापर्यंत पोचत नाही. कोर्टाने पोटगीची रक्कम नवऱ्याच्या जमिनीवर ठेवली तर तोही बोजाच. तिथे कोणी कोणाला काही गहाण दिलेलं नसतं.

इथे ‘परिस्थितीवर अवलंबून’ हे खरोखर लागू होतं. कर्जदार कंपनी असेल तर २०१३ च्या कंपनी कायद्याची व्याख्या लागते आणि त्या व्याख्येत ‘चार्ज’च्या पोटात गहाणही धरलेलं आहे. बँकांचे मसुदे तर कधीकधी हा शब्द छत्रीसारखा वापरतात, सगळं त्याखाली. म्हणून करारनाम्याच्या सुरुवातीचं व्याख्यांचं कलम वाचल्याशिवाय पुढचं एक वाक्यही करू नका. तारण, गहाण, नजरगहाण हे वेगवेगळे शब्द आहेत आणि आपल्या भागात तिन्हींची गरज रोज पडते. गोदामात किंवा कोल्ड स्टोरेजमध्ये ठेवलेल्या हळदीवर, बेदाण्यावर कर्ज काढलं तर ते तारण कर्ज, माल सावकाराच्या कुलपात राहतो. ट्रॅक्टरवर काढलं तर नजरगहाण. ट्रॅक्टर शेतकऱ्याच्याच दारात उभा असतो, फक्त आरसी बुकावर बँकेचं नाव चढतं. घराचं गहाणखत होतं. इंग्रजी मसुद्यात या तिन्हींना कुठे ना कुठे ‘चार्ज’ म्हटलेलं सापडेल.

तर तुमचं वाक्य मी असं करीन: ‘सर्व आकारांचा भरणा झाल्यावर सदर बोजा संपुष्टात आल्याचे समजण्यात येईल.’ यात ‘उतरेल’ हा सोपा शब्द होता, तो मी मुद्दाम घेतला नाही. ‘स्टँड डिस्चार्ज्ड’ म्हणजे कायद्याच्या दृष्टीने बोजा संपला, वेगळं काही करावं लागलं नाही. पण आपल्याकडे ‘बोजा उतरला’ म्हटलं की माणूस समजतो, सातबारा कोरा झाला. तसं होत नाही. बँकेचा बेबाकी दाखला, म्हणजे काही येणं बाकी नाही असा दाखला, घेऊन तलाठ्याकडे अर्ज द्यावा लागतो, फेरफार नोंद व्हावी लागते, ती मंजूर व्हावी लागते, मग रकान्यातली नोंद कमी होते. कराराच्या मराठी प्रतीत ‘उतरेल’ लिहिलंत आणि कर्जदार निवांत घरी बसला, तर पुढे जमीन विकताना तो तुमच्याकडेच येईल. दुसरं, ‘ऑल चार्जेस’मध्ये मुद्दल आणि व्याज येतं का, हेही त्या व्याख्यांच्या कलमातच बघा. मुद्दल धरलेलं नसेल तर वाक्य जरा विचित्र आहे, आणि ते ज्यांनी काम दिलं त्यांच्या लक्षात आणून द्यायचं. आपल्या मनाने ‘मुद्दल’ घालायचं नाही.

आता ‘चार्ज्ड विथ’. हा फौजदारी प्रकार, आणि वर्तमानपत्रांत सगळ्यात जास्त गोंधळ इथेच. इंग्रजी बातमीत ‘ही वॉज चार्ज्ड विथ चीटिंग’ दिसलं की सरळ ‘आरोप ठेवला’ असं लिहिलं जातं. ब्रिटनच्या बातमीत ते चालेल, कारण तिथे बहुधा पोलीसच ‘चार्ज’ करतात. आपल्याकडे तीन वेगवेगळे टप्पे आहेत. फिर्याद घेऊन पोलीस गुन्हा दाखल करतात. तपास संपला की न्यायालयात दोषारोपपत्र जातं, ज्याला सगळे चार्जशीट म्हणतात. आणि खरा ‘चार्ज’ त्यानंतर न्यायाधीश निश्चित करतात. आरोपीला वाचून दाखवतात आणि गुन्हा कबूल आहे का ते विचारतात. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत हे असंच होतं आणि १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही असंच आहे. त्यामुळे इथली बातमी किंवा निकालपत्र असेल तर प्रकरण कोणत्या टप्प्यावर आहे ते बघून शब्द घ्या. गुन्हा नुसता दाखल झालेल्या माणसाबद्दल ‘दोषारोप निश्चित झाले’ असं लिहिणं म्हणजे त्याला दोन पायऱ्या पुढे ढकलणं.

शिक्षक, ग्रामसेवक, कंडक्टर यांना खात्याकडून मिळतं तेही दोषारोपपत्रच, पण ते विभागीय चौकशीचं. त्यात गुन्हा नसतो, गैरवर्तन असतं. अशा कागदात ‘अ‍ॅक्यूज्ड’ शब्द नसतो आणि मराठीतही ‘आरोपी’ येऊ देऊ नका. ‘अपचारी कर्मचारी’ असं लिहितात. शब्द कानाला बरा वाटत नाही, पण रूढ आहे.

पैशाचा ‘चार्ज’ त्या मानाने सोपा. घरातलं महावितरणचं बिल काढा आणि समोर ठेवा, त्याहून चांगला धडा कुठल्या पुस्तकात नाही. स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार अशी ओळीने नावं आहेत. जिथे जिथे इंग्रजीत ‘चार्ज’ तिथे तिथे ‘आकार’. त्याच बिलात ‘वीज शुल्क’ अशी वेगळी ओळ आहे आणि तिथे मूळ शब्द ‘ड्यूटी’ आहे, कारण ते पैसे सरकारला जातात. म्हणजे अशा बिलात दिलेल्या सेवेचा मोबदला तो आकार, आणि सरकारी वसुली ते शुल्क किंवा कर. ‘सेस’ला उपकर, ‘सरचार्ज’ला अधिभार. शाळेची, वकिलाची, डॉक्टरांची ती फी, एसटीचं भाडं, रस्त्याचा टोल. तुम्ही पाठ केलेल्या इंग्रजी यादीत हे सगळे ‘चार्ज’चे समानार्थी म्हणून एका ओळीत आले असतील. समानार्थी ते यादीत. गावात एसटीची फी कोणी देत नाही आणि वकिलाचं भाडंही कोणी देत नाही.

बोलण्यातलं वाक्य असेल तर नाम टाकूनच द्या. ‘हाऊ मच डू यू चार्ज?’ याचं मराठी ‘तुम्ही किती घेता?’ एवढंच. ‘आपण किती शुल्क आकारता?’ हे फॉर्मवर ठीक, मिरजेच्या दवाखान्यात पेशंटच्या तोंडी नको. आणि ‘चार्ज इट टू माय अकाउंट’ आलं तर आपल्या दुकानदारीतला जुना, नेमका शब्द तयार आहे: ‘माझ्या नावे टाका.’ नावे आणि जमा हे दोन शब्द ज्याच्या हाताशी आहेत त्याला हिशेबाच्या भाषांतरात फारसं काही अडत नाही.

कार्यालयातला ‘चार्ज’ म्हणजे पदभार किंवा कार्यभार. नवीन प्रांताधिकारी आले, पदभार स्वीकारला. जुन्यांची बदली झाली आणि जागा भरली नाही, तर शेजारच्या तालुक्याच्या अधिकाऱ्याकडे अतिरिक्त कार्यभार. ‘इनचार्ज’ तो प्रभारी. इथे एका बारीक गोष्टीकडे लक्ष द्या. ‘इन चार्ज ऑफ’ आणि ‘इन द चार्ज ऑफ’ यांत एका ‘द’ने अर्थ उलटतो. पहिल्यात कर्ता सांभाळणारा असतो, दुसऱ्यात सांभाळला जाणारा. जुन्या निकालपत्रांत, विशेषतः अज्ञान, म्हणजे अल्पवयीन, मुलांच्या पालकत्वाच्या प्रकरणांत, ‘द मायनर वॉज इन द चार्ज ऑफ हिज अंकल’ असं येतं. म्हणजे मुलगा चुलत्याच्या सांभाळात होता. घाईत वाचलं की मुलगाच चुलत्याचा प्रभारी होऊन बसतो.

‘डिस्चार्ज’ला थोडा जास्त वेळ देते, कारण याद्यांमध्ये तो ‘चार्ज’च्या विरुद्धार्थी रकान्यात पडून असतो आणि कामात मात्र त्यानेच जास्त नुकसान होतं.

आमच्या जिल्ह्यात फौजी पुष्कळ. मिलिटरी अपशिंगेसारख्या गावाच्या नावातच मिलिटरी आहे. निवृत्त जवानाकडे ‘डिस्चार्ज बुक’ असतं आणि त्यात सेवा संपल्याचं कारण लिहिलेलं असतं. एका माजी सैनिकाच्या मुलाने सवलतीच्या अर्जासाठी त्याचं मराठी कुठूनतरी करून आणलं होतं. त्यात ‘सेवेतून बडतर्फ’ असं लिहिलेलं. बडतर्फ म्हणजे ‘डिसमिस्ड’, शिक्षा म्हणून काढून टाकलेला. आणि हा माणूस पूर्ण सेवा करून, पेन्शन घेऊन घरी आलेला. मूळ पानावरची ओळ बोटाखाली धरून वाचली तर ‘डिस्चार्ज्ड’च्या पुढेच सेवेची मुदत पूर्ण झाल्याचं कारण छापील स्पष्ट होतं. तिथे ‘सेवामुक्त’ हवं. गावात विचारा, लोक सरळ सांगतात, ‘पेन्शनवर आला’.

न्यायालयातला ‘डिस्चार्ज’ म्हणजे आरोप निश्चित होण्याआधीच, पुरेसा आधार दिसत नाही म्हणून सोडणं. त्याच्या अर्जाला वकील मंडळी दोषमुक्तीचा अर्ज म्हणतात. खटला चालून पुराव्याअंती सुटला तर ती निर्दोष मुक्तता, म्हणजे ‘अ‍ॅक्विटल’. फरक केवळ शब्दाचा नाही. निर्दोष सुटलेल्यावर त्याच गुन्ह्यासाठी पुन्हा खटला चालत नाही. दोषमुक्त झालेल्याला ते संरक्षण तसं मिळत नाही, नवा पुरावा आला तर प्रकरण परत उभं राहू शकतं. दोन्हींना नुसतं ‘सुटका’ लिहून मोकळे झालात तर तुरुंगातून जामिनावर सुटलेला, दोषमुक्त झालेला आणि निर्दोष ठरलेला हे तिघे एकाच रांगेत उभे राहतात.

पावसाळ्यात तुम्हा सांगलीकरांचं सगळं लक्ष ज्याच्याकडे असतं तोही ‘डिस्चार्ज’च. कोयनेतून किती क्युसेकने सोडलंय आणि आयर्विन पुलाशी पाणी किती फुटांवर आहे. ४० फूट इशारा पातळी, ४५ फूट धोका पातळी, हे तिथे शाळेतलं पोरही सांगेल. पाटबंधारे खात्याच्या पत्रकात त्याला ‘विसर्ग’ म्हणतात आणि तो शब्द आता लोकांच्या तोंडीही बसलाय. (व्याकरणातल्या दोन टिंबांनाही विसर्गच म्हणतात, पण पुराच्या बातमीत कोणाला ती टिंबं आठवत नाहीत.) इकडे विसर्ग, तर माण, खटाव, जत, आटपाडीकडे ‘रिचार्ज’ची चर्चा. विहीर, बोअर, भूजल यांचं ‘पुनर्भरण’. मोबाइलचा मात्र रिचार्जच. मोबाइलचं पुनर्भरण केलं असं कोणी म्हणालं तर लोक वळून बघतील.

दवाखान्याच्या कागदात तर एकाच पानावर दोन ‘डिस्चार्ज’ भेटतात. ‘डिस्चार्ज फ्रॉम द वूंड’ म्हणजे जखमेतून येणारा स्राव, आणि ‘डेट ऑफ डिस्चार्ज’ म्हणजे घरी सोडल्याची तारीख. विम्याच्या दाव्यासाठी हे कागद येतात, तेव्हा घाई करू नका.

उरलेले अर्थ पटकन सांगते. सैन्याचा ‘चार्ज’ म्हणजे चालून जाणं, चढाई. पोलिसांचा तो लाठीमार, लाठीचार्ज म्हटलं तरी सगळ्यांना कळतं. खाणीत आणि विहिरीच्या कामावर सुरुंगात भरायची दारू. ‘फ्री ऑफ चार्ज’ला मोफत किंवा विनामूल्य. बजेट आणि भौतिकशास्त्र वर आलंच.

आता तुमच्या याद्यांविषयी. त्या फेकून देऊ नका, पण त्यांची मांडणी बदला. अर्थाप्रमाणे गट पाडा आणि प्रत्येक शब्दासोबत त्याचं शब्दयोगी शेपूट लिहा. ‘चार्ज’ला ‘विथ’ लागतं, ‘अ‍ॅक्यूज’ला ‘ऑफ’, ‘ब्लेम’ला ‘फॉर’. ‘अलेज’मध्ये म्हणणारा फक्त म्हणतोय, अजून कोणी काही ठरवलेलं नाही, त्याचं मराठी ‘कथित’ किंवा ‘असा आरोप आहे’. शेजारच्या रकान्यात मराठी वाक्य लिहा, सुटा शब्द नको. आणि वाक्य स्वतः रचलेलं नको, खऱ्या कागदातलं हवं: सातबारा, वीजबिल, निकालपत्र, सरकारी निर्णय. माझ्याकडे अशा वह्या आहेत आणि अजूनही त्यांत भर पडते. शब्द नक्की करायचा असेल तर राज्याच्या भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश बघा, न्यायव्यवहाराचा आणि शासनव्यवहाराचा वेगवेगळा आहे. अमराठी वाटणारे काही शब्द त्यांत सापडतील. तरीही सरकारी आणि कोर्टाच्या कामात तेच वापरायचे, कारण समोरचा कारकून तोच शब्द शोधत असतो.

राहिला शेवटचा प्रश्न, ‘चार्ज’ तसाच ठेवायचा का. वाचणारा कोण यावर ते ठरतं. कर्जाच्या करारनाम्यात नको, तिथे बोजा आणि आकार हे दोन वेगळे शब्द हाताशी असताना दोन्हींना चार्ज म्हणणं म्हणजे मुद्दाम भांडण लावणं. शाळेच्या मुख्याध्यापकांनी एकमेकांना चार्ज दिला-घेतला हे बोलण्यात राहू द्या, पत्रावर ‘कार्यभार हस्तांतरण’ लिहा. आणि कुपवाडच्या एमआयडीसीतली एखादी फाउंड्री मॅन्युअल घेऊन आली, तर भट्टीत एका वेळी टाकायच्या मालाला ‘चार्ज’च म्हणा. भट्टीवरची माणसं दुसरा शब्द वापरत नाहीत, आणि ते पान त्यांनाच वाचायचं असतं. पहिल्यांदा येईल तिथे ‘चार्ज, म्हणजे भट्टीत एका वेळी भरायचा भंगार, बीड व इतर माल’ असं एकदा लिहून टाका, पुढे नुसतं ‘चार्ज’ पुरतं.